हुक लाव गो

मी हे लिहायला बसलो आहे याबद्दल आधी माफी मागतो. ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याने माझ्यासाठी कधी एक टाकासुद्धा घातलेला नाही. ते लेडीज टेलर आणि मी मुलगा. दत्ताराम मास्तरांबद्दल लिहायचा खरा हक्क रत्नागिरीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या त्या बायकांचा, ज्यांच्या लग्नाचे, बारशाचे आणि कोर्टकचेरीच्या तारखांचेही ब्लाऊज मास्तरांनी शिवले. मी नलूबाईंना तसं सुचवून पाहिलं. नलूबाई प्राथमिक शाळेत शिकवतात आणि मास्तरांच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक आहेत. त्या म्हणाल्या, "मी लिहिलं तर नुसता तक्रारअर्ज होईल. तू लिही. शुद्धलेखन मी बघते." शुद्धलेखन त्यांनी बघितलं आहे. बाकीच्या चुका माझ्या.

आणखी एक सांगतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. त्यामुळे चार ओळी लिहिल्या की वाटतं, आता मागून कोणीतरी विचारणार, तुला कोणी सांगितलं होतं रे? तर मला कोणी सांगितलेलं नाही. पण मास्तरांनी माझ्या चित्राबद्दल जे सांगितलं ते एवढ्या वेळा मनात आलं आहे की कागदावर उतरवलं नाही तर मी विसरेन, आणि विसरलो तर ते त्यांना आवडणार नाही. मास्तर कोणाचंही माप विसरत नसत.

दुकान एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. पाटीवरचं नाव पावसाने धुऊन गेलं होतं आणि "लेडीज टेलर" एवढंच राहिलं होतं. नाव पुन्हा का रंगवत नाही असं कोणी विचारलं तर मास्तर म्हणायचे, "जिला यायचाय ती येते. जिला नाय यायचाय तिला नाव वाचून काय करायचाय?"

आत एक मशीन, एक कापायचं टेबल आणि उरलेल्या तुकड्यांचा जोडून केलेला एक पडदा. पडद्यामागे काकी, म्हणजे मास्तरांची बायको, मापं घ्यायच्या आणि मोठ्याने ओरडून सांगायच्या. मास्तर बाहेर बसून चिठ्ठीवर लिहायचे. मास्तरांनी स्वतः कधी कुठल्या बाईला टेप लावली नाही. पण पडद्याकडे न बघता ते काकींना दुरुस्त करायचे.

"पाठ साडेतेरा! छाती चौतीस!" आतून आवाज यायचा.

"चौतीस नाय," मास्तर बाहेरून म्हणायचे. "श्वास रोखून उभी हाय ती. सोडायला सांग."

मग आत हसण्याचा आवाज यायचा आणि काकी म्हणायच्या, "छत्तीस."

असं सगळं आकड्यांनी चालत असल्यामुळे मास्तरांना बायकांचे चेहरे ठाऊक नव्हते. ते त्यांना पाठीवरून ओळखायचे. रस्त्यात कोणी बाई समोरून येऊन "काय मास्तर, बरे आहात ना?" म्हणाली की ते गोंधळून बघत राहायचे. ती पुढे गेली की मागे वळून ओरडायचे, "अगो, मालगुंडची तू! साडेचौदा! कशी हायस?" नावंही त्यांना लागत नसत. मालगुंड, पावस, संगमेश्वर. माणूस म्हणजे गाव आणि माप. चिठ्ठीवर वर नाव, खाली गाव, मग आकडे. नाव चुकलं तर चालायचं, गाव चुकलेलं चालायचं नाही. ज्या चिठ्ठीवर गाव नाही तो ब्लाऊज ते कोणाच्या हातात देत नसत. मला ते "लांजेकर" म्हणायचे, कारण मी लांज्याचा. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि मला सांगायचं धाडस झालं नाही.

त्यांनी कधी कशाला "छान" म्हटल्याचं मी ऐकलं नाही. ब्लाऊज पूर्ण मनासारखा झाला की ते तो पडद्यावरून आत टाकायचे आणि म्हणायचे, "हुक लाव गो." हुक लावणं हे काकींचं काम आणि तेच शेवटचं. तेवढंच त्यांचं कौतुक. मुलाला विरारला नोकरी लागल्याचा फोन आला तेव्हाही फोन ठेवून ते म्हणाले होते, "चला. हुक लाव गो."

मी त्या दुकानात जायचो तो आईच्या ब्लाऊजसाठी. आई लांज्याला काजूच्या कारखान्यात काम करते. दुसऱ्या कोणीही शिवलेला ब्लाऊज तिच्या अंगावरून एका बाजूने उतरतो. मास्तरांचा उतरत नाही. म्हणून मी रत्नागिरीला कॉलेजात आल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी घरून येताना माझ्या बॅगेत पुस्तकांबरोबर एक ब्लाऊजपीस असायचा, आणि हॉस्टेलवरच्या मुलांपासून तो लपवणं हा माझ्या शिक्षणाचा एक भाग होता.

आता चित्राबद्दल. मी मोबाईलवर बोटाने चित्रं काढतो. त्या वर्षी मी एक परग्रहावरची बाई काढली होती. उंच, निळी, लांब मानेची, चार हातांची. मुंबईतल्या एका संस्थेत ॲनिमेशन शिकायला अर्ज करायचा होता. त्यासाठी मनाने काढलेली एक पूर्ण उभी आकृती हवी होती, आणि तिच्यासोबत एक पान. चित्र कोणाला दाखवलं, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं. चित्र मी काढलं होतं. पान कोरं होतं. इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर टाकलं तर लोकांनी आगीची चिन्हं दिली. एकाने लिहिलं, "ॲनाटॉमी बघ." मी दोन दिवस बघितली. मला काही दिसलं नाही. रूममेट म्हणाला, "भारी." एवढ्यावर पान भरत नव्हतं आणि महिनाअखेर जवळ येत होती.

अशाच एका दुपारी मी आईचा ब्लाऊजपीस घेऊन दुकानात गेलो. पिशवीतून तो काढताना मोबाईल टेबलावर ठेवला आणि चित्र उघडंच राहिलं. मास्तरांनी मोबाईल उचलला. डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला, मग पुन्हा जवळ नेला.

"ही कोण?"

"कोणी नाही मास्तर. चित्र आहे."

"ता दिसतोय मला. चार हात हायत. देवी?"

"नाही. दुसऱ्या ग्रहावरची बाई आहे."

मास्तरांनी मान डोलावली, जणू दुसऱ्या ग्रहावरच्या बायका त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा येतात. मग म्हणाले, "हिरवा रंग बरा दिलास. पण डावा खांदा दीड इंच खाली हाय."

ती निळी होती. पण ज्या माणसाने मोबाईलवर दीड इंच ओळखला त्याला रंगाबद्दल काय सांगणार? मला वाटलं, त्यांच्या धंद्यात या निळ्याला हिरवा म्हणत असतील.

"मापाचा ब्लाऊज आणलायस?" त्यांनी विचारलं.

"कोणाचा?"

"हिचा."

"मास्तर, ती खरी नाही."

"खरी नाय तर खांदा असा कशाला काढलास? खोट्या बाईचे दोन्ही खांदे सारखे असतात. कॅलेंडरवर बघ." त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. "नाव?"

नाव मी ठेवलंच नव्हतं. फाईलला मी "फायनल" म्हटलं होतं. तेच सांगितलं. मास्तरांनी लिहिलं, "फायनल".

"गाव?"

मी ग्रहाचा विचार केला होता, तिथलं गुरुत्वाकर्षण कमी आहे वगैरे ठरवलं होतं, पण गाव ठरवलं नव्हतं. तसं सांगितल्यावर मास्तर पहिल्यांदाच थोडे नाराज झाले. "गाव नाय अशी बाई नसते. राहू दे कोरा. आठवला की सांग."

मी सगळं धाडस गोळा करून विचारलं, "मास्तर, माझ्या प्रवेशाचं आहे. चित्र बरोबर आहे की नाही, तुम्ही सांगाल का?"

"सांगीन की. जिला ब्लाऊज बसत नाय ती बाई उभी राहत नाय, एवढा मला कळतो. ज्या दिवशी बसेल त्या दिवशी काकीला हुक लावायला सांगीन."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात प्रवेश, संस्था, मुंबई हे सगळं मागे पडलं. मला फक्त ते तीन शब्द हवे होते.

मी रूमवर गेलो, डावा खांदा उचलून उजव्याच्या रेषेत आणला आणि तिसऱ्या दिवशी परत गेलो. मास्तर म्हणाले, "अशी तोंडी मापं चालत नायत. गो, ह्या बाईची मापं घे."

काकी मोबाईल घेऊन पडद्यामागे गेल्या. माझी बाई सहा इंचांच्या काचेत होती, पण मापं पडद्यामागेच घ्यायची असा नियम होता.

"उंची साडेपाच इंच!" आतून आवाज आला.

"खरी किती रे?" मास्तरांनी मला विचारलं.

"नऊ फूट."

मास्तरांनी खडूने टेबलावर गणित केलं. "म्हणजे एकाला वीस धर. पुढे!"

"बाही दीड!"

"तीस."

"खालची बाही पण दीड! मान पाऊण! अहो, मानेचा काय करायचा?"

"मान ब्लाऊजात येत नाय. खांदे सांग."

"दोन्ही सारखे!"

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मोबाईल मागवला, लांब धरला, जवळ धरला. "काय केलास ह्या? परवा बाई होती. आज हँगर हाय."

"तुम्हीच म्हणालात ना, डावा खांदा खाली आहे म्हणून."

"खाली हाय म्हटला. वर कर म्हटला काय मी?"

मी खांदा पुन्हा खाली आणला.

त्यानंतर मुंढ्याचा प्रश्न निघाला. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ते भोक. एका बाजूला दोन मुंढे एकाखाली एक आले की मध्ये कापडच उरत नव्हतं. मास्तर दोन दिवस जेवतानाही त्यावर बोलत होते असं काकींनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला टेबलासमोर उभं केलं आणि म्हणाले, "गो, ह्याच्या मागे उभी रहा. हात पुढे काढ."

काकी माझ्यापेक्षा हातभर बुटक्या. त्या मागे पूर्ण झाकल्या गेल्या आणि माझ्या काखेखालून त्यांचे बांगड्यांचे दोन हात पुढे आले. मास्तर माझ्या शर्टावर खडूने रेघा मारू लागले. "वरचे हात उचल. वरचे रे! तुझे. आता खालचे पुढे. गो, तुझे!"

नेमक्या त्याच वेळी लग्नाचं कापड घेऊन एक आई आणि तिची मुलगी दारात आल्या. त्यांना समोर काय दिसलं असेल याची मला अजून लाज वाटते. चार हातांचा एक मुलगा, दोन हात वर, दोन पुढे, छातीवर खडू.

"या, या. बसा," मास्तर म्हणाले. "ट्रायल चाललाय."

काकींनी माझ्या काखेखालून हात लांबवून स्टूल पुढे सरकवलं. मुलीची आई म्हणाली, "नाही, आम्ही नंतर येतो," आणि मुलगी मात्र गल्ली संपेपर्यंत मागे बघत गेली.

पण त्या ट्रायलमध्ये मास्तरांना सापडलं. वरचा हात उचलला की खालचा खांदाही थोडा ओढला जातो. "तुझ्या चित्रात खालचे हात झोपलेत," ते म्हणाले. "वरचे कामाला आणि खालचे झोपलेले, असा एका अंगात होत नाय." मी रात्रभर काही केलं नाही, सकाळी लेक्चर बुडवून खालचे दोन हात जागे केले. आणि खरं सांगतो, बाई हलली. आधी ती माझ्याकडे बघत होती. आता ती कुठेतरी निघाली होती.

मास्तर बघून म्हणाले, "हं." हुकांचं नाव नाही.

याच दिवसांत नलूबाईंचा प्रकार झाला. मास्तरांची पद्धत अशी की चिठ्ठी कापडाला टाचणीने लावायची. फायनलला कापड नव्हतं, म्हणून तिची चिठ्ठी टेबलावर मोकळी फिरत होती. ती फिरत फिरत नलूबाईंच्या कापडाला लागली. नलूबाईंनी दोन ब्लाऊजचं कापड दिलं होतं. मास्तरांनी पाठ आणि पुढचा भाग सवयीने बरोबर बेतला, कारण तो आकडा त्यांच्या हातात होता, आणि बाह्या चिठ्ठी बघून बेतल्या.

नलूबाईंची बाहीबद्दलची तक्रार फार जुनी होती. दर वेळी त्या म्हणायच्या, "मास्तर, बाही आखूड केलीत." त्या शनिवारी त्या पडद्यामागून बाहेर आल्या तेव्हा दोन्ही बाह्या बोटं गिळून गुडघ्यांकडे निघाल्या होत्या. मास्तरांनी चष्मा पुसत विचारलं, "आखूड तर नाय ना झाली?"

"मास्तर!" नलूबाई वर्गात ओरडतात तशा ओरडल्या. "हे माप कोणाचं आहे?"

"फायनलचा."

"कोण ही फायनल? कुठली?"

"गाव अजून कळला नाय."

मला मोबाईल पुढे करावा लागला. नलूबाईंनी लोंबत्या बाहीतूनच तो हातात घेतला आणि पाचवीच्या मुलाची वही तपासावी तसं चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता लाल पेन काढणार. त्यांनी विचारलं, "हिला हुक पुढे की मागे?"

मी असला विचारच केला नव्हता.

"मागे," मास्तर म्हणाले. "चार हात हायत. मागचे हुक आपले आपण लावील. कोणाला हाक मारायला नको."

नलूबाई थोडा वेळ चित्राकडे बघत राहिल्या. "नशीबवान आहे," त्या म्हणाल्या.

नलूबाई एकट्या राहतात. त्यांच्या ब्लाऊजना मास्तर नेहमी पुढे हुक ठेवायचे आणि त्याबद्दल दोघांनी कधी एक शब्द बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बाह्या कापल्यावर बरंच कापड उरलं. काकी ते घडी करून द्यायला लागल्या तर नलूबाई म्हणाल्या, "ठेवा इथेच. तिला लागेल." एवढं नुकसान होऊन त्या दिवशी त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार त्यांनी पुढच्या खेपेला केली. बाही आखूड झाली होती.

अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी शेवटचं चित्र घेऊन गेलो. खांदा खाली, हात जागे, मुंढ्यांमध्ये चार बोटांचं कापड मावेल एवढी जागा. मास्तरांनी ते इतका वेळ बघितलं की बाहेर दोन रिक्षा भांडून निघून गेल्या.

"पाठ कुठाय?" ते म्हणाले.

"मास्तर, पुढूनच काढायचं असतं."

"पुढून कोण पण काढील. पुढून माणूस स्वतः बघून उभा राहतो, नीट राहतो. पाठीला कोणी सांगत नाय तू नीट रहा म्हणून. पाठ दाखव, मग सांगतो."

"पण उद्या शेवटची तारीख आहे."

"मग पाठव. तुझी तारीख तुझ्याकडे. माझ्याकडे पाठ राहिली."

मी चित्र पाठवलं. पानावर सगळं लिहिलं. परीक्षकाचं नाव दत्ताराम मास्तर, व्यवसाय लेडीज टेलर. त्यांनी काय सांगितलं ते क्रमाने. शेवटी खोटं लिहवेना म्हणून लिहिलं, "मास्तरांनी चित्र अजून पास केलेलं नाही. पाठ बाकी आहे."

मुलाखतीला मुंबईला गेलो तेव्हा तिघं बसले होते. एका बाईंनी ते पान हातात धरलं होतं. त्या म्हणाल्या, "इथे लिहिलंय, हिरवा रंग चांगला दिला आहे. चित्र तर निळं आहे."

"हो मॅडम. मास्तर हिरवंच म्हणतात. त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही."

ते हसले. मला वाटलं संपलं. मग त्या मॅडमनी विचारलं, "आणि हा डावा खांदा? हा कुठून आणलास?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच मला माहीत नव्हतं. "हाताने तसा काढला गेला," मी म्हणालो. "सरळ केला होता. पण मास्तर म्हणाले, हँगर झाला."

मला प्रवेश मिळाला.

मुंबईला जायच्या आधी दुकानात गेलो तेव्हा मास्तर सुईत दोरा ओवत होते. दोरा एकदा डावीकडून गेला, एकदा उजवीकडून. काकींनी काही न बोलता सुई काढून घेतली, ओवली आणि परत दिली. मास्तरांनी ती आपणच ओवल्यासारखी घेतली. मी पेढे पुढे केले आणि प्रवेशाचं सांगितलं.

"बरा झाला," ते म्हणाले. एक पेढा खाल्ला. "पण पाठ?"

"पाठवतो मास्तर."

मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर मागून आवाज आला, "लांजेकर!" वळून बघितलं. मास्तर दारात उभे होते, डोळे बारीक करून, जिथे आत्ताच माझी पाठ होती त्या जागेकडे बघत. "वळतोस कशाला? जा. पाठ साडेसोळा! शर्ट सतराचा घालतोस, म्हणून असा गबाळा दिसतोस!" आणि आतून काकींचा आवाज आला, "साडेसोळा!" सवयीने.

मुंबईत पहिल्या महिन्यातच मी पाठ काढली. मागून ती बाई काढताना मला कळलं की मी तिला ओळखतच नव्हतो. चित्र काकींच्या मोबाईलवर पाठवलं. ते पोचलं, पण कोणी उघडलं नाही. एक महिना गेला, मग दिवाळी गेली. मी फोन केला तर लागेना. नलूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दुकानाला कुलूप आहे रे. चपलांचा दुकानदार म्हणतो, मुलाकडे नेलं मास्तरांना. डोळ्यांचं काहीतरी. माझे तीन ब्लाऊज आत अडकलेत." मग म्हणाल्या, "अडकू देत."

मी रोज त्या चित्राखालच्या दोन खुणा बघायचो. त्या निळ्या होत नव्हत्या.

गेल्या रविवारी काकींचा फोन आला.

"अरे, मोबाईल बिघडलेला. मुलाने काल दुरुस्त करून आणलान. ह्यांचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. मोतीबिंदू होता. पिकून दगड झालेला, डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस हे शिवत कसे होते? मी म्हटलं, आकड्यांवर."

"आता कसे आहेत?"

"बरे आहेत. पट्टी सुटल्यावर पहिला माझ्याकडे बघितलानी आणि म्हणाले, 'किती पिकलीस गो.' एवढ्या वर्षांनी बघितलानी ते हे बोलायला!" काकी हसल्या. "मग काल मोबाईल चालू झाल्यावर तुझी बाई बघितलानी. म्हणाले, 'ही निळी हाय होय? मेल्याने सांगितला पण नाय.'"

मी माफी मागितली. काकींना ती ऐकू आली नाही, कारण त्या पुढे सांगत होत्या.

"मग पाठ बघितलानी. किती वेळ बघत बसले. चहा गार झाला. मग मला म्हणाले, हुक लाव गो."

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. "कशाला, काकी?"

"कशाला म्हणजे? ब्लाऊजला! तू गेल्यावर बेतलानी होता. नलूबाईंच्या कापडाच्या बाह्या, आणि बाकी तुकडे जोडून. चार बाह्या, सैल करायला आत शिवणीत भरपूर माया सोडल्यानी, बाई बदलते म्हणून. एवढे दिवस बोचक्यात पडलेला. आता लावले हुक. पाच. मागे." मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण चिठ्ठीवर गाव कोरा आहे. गाव असल्याशिवाय हे देणार नायत कोणाला. सांग बघू लवकर."

मी ग्रहाचं नाव आठवू लागलो. वहीत कुठेतरी लिहिलं होतं. तेवढ्यात पलीकडून, लांबून, मास्तरांचा आवाज आला.

"त्याला काय विचारतेस? त्याला काय माहीत? लांजा लिही. खांदा त्याच्या आईचा हाय. दीड इंच. दर ब्लाऊजाला तोच सांभाळत आलो ना मी!"

समोर लॅपटॉपवर ती पाठमोरी उभी होती. निळी, नऊ फूट, चार हातांची, आणि डाव्या बाजूला जराशी कललेली, जशी कारखान्यात दिवसभर एका अंगावर बसलेली बाई संध्याकाळी घरी येताना चालते.

काकी लिहिताना मोठ्याने बोलतात.

"लांजा," त्या म्हणाल्या.